नस कुठून जाते, हे हाताला ठाऊक हवे

गेल्या महिन्यात धारूर तालुक्यातील एक ऊसतोड कामगार माझ्याकडे आले. वय चाळीशीच्या आत-बाहेर. उजव्या पायात चप्पल टिकत नाही, चालताना पंजा घासतो, घराच्या उंबऱ्याला ठेच लागते, अशी तक्रार होती. सोबत जाड फाइल होती आणि फाइलमध्ये कमरेचा एमआरआय होता. त्यात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी किंचित सरकली असल्याचे लिहिले होते. तेवढ्यावरून एका ठिकाणी तीन आठवडे त्यांची कंबर यंत्रावर ताणून झाली होती. वर शेक आणि मालिश.

"कमरंत कधीपासून दुखतंय?" मी विचारले.

"कंबर दुखतच नाही मॅडम. मला कमरंचं काहीच नाही. फोटोत निघालं म्हणून ते वढीत होते."

तपासणीला पाच मिनिटे लागली. पंजा वर उचलता येत नव्हता आणि बाहेरच्या बाजूलाही वळवता येत नव्हता. पंजा खाली दाबून आतल्या बाजूला वळवायला सांगितले, तर ती ताकद पूर्ण होती. चवड्यावर नीट उभे राहता येत होते. टाचेमागच्या जाड कंडरेवर हातोडी मारली, की दोन्ही पाय सारखेच उडत होते. कुशीवर झोपवून मांडी वर उचलायला लावली, तर तिथेही कसर नव्हती. मग गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला जे हाडाचे बोंड लागते, त्याच्या मागे बोटाने हलकेच टिचकी मारली. ते एकदम दचकले. करंट पंजापर्यंत गेला होता.

कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी नस दबली तर पंजा पडतो, हे खरे आहे. परंतु तसे असते तर पंजा आत वळवणारा स्नायू आणि खुब्याच्या बाजूचा स्नायू हेही दुबळे व्हायला हवे होते. कारण या साऱ्यांना तार त्याच मुळातून येते, फक्त वाटा वेगळ्या. इथे दोष वाटेत होता, मुळात नव्हता. जरा खोदून विचारल्यावर कळले, की कारखान्यावरून गावी परतताना ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रात्रभर गाढ झोपले होते आणि उजवा गुडघा ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर टेकलेला होता. सकाळी उतरले तेव्हा पाय 'बधिर' होता. ही गोष्ट त्यांनी आधीही सांगितली होती म्हणे, पण फोटोपुढे त्यांचे कोण ऐकतो!

पंजा उचलून धरणारा पट्टा, घोट्याचे व्यायाम, आणि उकिडवे बसणे व पायावर पाय टाकणे पूर्ण बंद, एवढ्यावर ते आता सुधारत आहेत. अशी दबलेली नस आतून तुटलेली नसेल तर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत जागी होते. वाया गेले ते तीन आठवडे, उचलीतले उरलेसुरले पैसे आणि ट्रॅक्शन घेतल्यामुळे नव्याने सुरू झालेले कमरेचे दुखणे.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की त्या ठिकाणी उपचार देणारा मुलगा पदवीधर होता. भोंदू नव्हता. मी त्याच्याशी फोनवर बोलले. मनाने चांगला, कष्टाळू मुलगा आहे. "तुम्ही ही नस कधी पाहिली होती का?" असे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पुस्तकात पाहिली होती."

फिजिओथेरपीच्या शिक्षणातील शरीररचनाशास्त्राविषयी आज लिहायचे ठरवले, ते या एका वाक्यामुळे.

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालिश आणि यंत्रे, असा समज अजून पक्का आहे. महाराष्ट्रात या विद्येचे रीतसर शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. त्या काळात पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न समोर होता. कोणत्या मुलाचा कोणता स्नायू मेला आणि कोणता जिवंत आहे, हे एकेक स्नायू हाताने तपासून ठरवायचे आणि जो जिवंत आहे त्याच्याकडून मेलेल्याचे काम करून घ्यायचे, असे ते काम होते. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला नस कोणती, हे मुखोद्गत असल्याखेरीज ते होणारच नाही. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला, पण काम तेच राहिले आहे. लकवा, अपघात, मणक्याचे आजार, प्लॅस्टर काढल्यानंतरचा आखडलेला सांधा, कशातही पहिला प्रश्न तोच असतो: नेमके कुठे बिघडले?

आमच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र होते, आजही आहे. विच्छेदनगृहात पहिल्या दिवशी गेले तेव्हा फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि शेजारची मैत्रीण दाराशीच बसून गेली होती. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भीती गेली. आम्ही स्वतः चिरफाड करीत नव्हतो. वैद्यकीयच्या मुलांनी किंवा शिक्षकांनी आधीच सोडवून ठेवलेला हात किंवा पाय आमच्यापुढे येई. एके दिवशी सरांनी माझे बोट धरून गुडघ्याखालच्या त्या बोंडामागे ठेवले आणि म्हणाले, "हे बघ, पोत्याच्या सुतळीएवढी नस, आणि तिच्यावर रक्षणाला काय आहे? कातडी!" बोटाखाली ती सुतळी मागेपुढे सरकली. त्या दिवसानंतर कोणाच्याही पायाला घट्ट प्लॅस्टर दिसले, की माझे बोट आधी तिथे जाते. पुस्तकातल्या चित्रात तीच नस पिवळ्या रंगाने, पेन्सिलीएवढी जाड, ठळक काढलेली असते. चित्र खोटे नसते. परंतु तेवढ्यावर बोट काही शिकत नाही.

वाचकांनी स्वतःवर करून पाहावे. खुर्चीवर बसा, गुडघा वाकवा, बाहेरच्या बाजूने हात खाली आणा. एक टणक बोंड लागेल. त्याच्या किंचित खाली आणि मागे बोट हलकेच आडवे फिरवा. दोरीसारखे काही निसटते का पाहा. जोराने दाबू नका. ज्यांना तासन्‌तास उकिडवे बसून वेचणी-निंदणीची सवय नाही, त्यांनी एकदम तसे बसून काम केले की पाय का मुंग्यावतो, तेही ध्यानात येईल.

येथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. आपल्या बोलीत 'नस' म्हणजे रक्ताची शीरही आणि मज्जातंतूही. 'नस दबली', 'नस चढली', 'नसेत रक्त जात नाही' हे सगळे एकाच शब्दात होते. रुग्णाने तसे बोलावे, त्यात काही गैर नाही. पण उपचार करणाऱ्याच्या डोक्यात तो गोंधळ असेल, तर पंचाईत आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गावोगावच्या सुईचे. कमरेत सुई म्हणजे खरे तर कुल्ल्यात. कुल्ल्याचे मनाने चार भाग केले तर सुई वरच्या बाहेरच्या भागात द्यायची असते. कारण खालच्या व आतल्या भागातून शरीरातली सर्वांत जाड नस जाते. करंगळीहूनही ती जाड असते. ताप आला म्हणून लहान लेकराला घाईत सुई दिली आणि दुसऱ्या दिवसापासून पाय लुळा पडला, अशी मुले मी पाहिली आहेत. त्यांतल्या कित्येकांना पूर्वी सरसकट 'पोलिओ' ठरवून घरी बसवले गेले. सुई कुठे टोचली, तिथून नस किती अंतरावर, तिच्या कोणत्या फांदीचे स्नायू अजून शाबूत आहेत, हे ज्याला समोर दिसते तोच त्या लेकराला पुढचे दोन वर्षे योग्य व्यायाम देऊ शकतो.

आणि ही नस सर्वांमध्ये एकाच वाटेने जात नाही. कुल्ल्यात एक छोटा स्नायू आहे, त्याच्या खालून ती बाहेर येते, असे पुस्तक सांगते. परंतु शंभरात दहा-पंधरा जणांत तिचा एखादा भाग त्या स्नायूला भेदून येतो. माझा प्लॅस्टिकच्या नमुन्यांवर आणि संगणकाच्या पडद्यावर जो आक्षेप आहे, तो हाच. नमुना एकदा साच्यात पडला की सगळे नमुने सारखे. माणूस साच्यात पडत नाही. विच्छेदनगृहात सहा टेबलांवर सहा देह असतात आणि सहाही वेगळे असतात. इथली धमनी दोन बोटे वर फुटलेली, तिथला स्नायू दुहेरी, एकाच्या गुडघ्यात कूर्चाच उरलेली नाही. 'पुस्तकात असे नाही' हे विद्यार्थ्याच्या तोंडून निघते, ते तिथेच. आणि ते निघाल्याशिवाय तो पुढे रुग्णाचे ऐकायला शिकत नाही.

मी जुन्या वळणाची आहे म्हणून संगणकाला नावे ठेवते, असे कोणी समजू नये. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे महाविद्यालये बंद होती, देहदानही ठप्प झाले होते. त्या मुलांना पडद्यावरच शिकवावे लागले, दुसरा मार्ग नव्हता. पडद्यावर थर उलगडून दाखवण्याची सोय खरोखर उत्तम आहे. स्नायू कसा आखडतो, सांधा कसा फिरतो, हे मृतदेहावर दिसतच नाही. फॉर्मलिनमध्ये मुरलेला स्नायू लाकडासारखा होतो; जिवंत स्नायूची ऊब, ताठरपणा, दुखऱ्या जागेवरची गाठ त्यात कुठून येणार? म्हणून सकाळी टेबलावर जे पाहिले, ते दुपारी एकमेकांच्या अंगावर बोटाने शोधायचे, खुणेच्या पेनाने कातडीवर काढायचे, अशी पद्धत हवी. चांगले शिक्षक ती पाळतात. फक्त देह पाहून कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही. पण देह न पाहता झालेले, मला तरी, अर्धवट वाटतात.

काहींचा प्रश्न असतो, की तुम्हाला कुठे शस्त्रक्रिया करायची आहे? सर्जन चूक करतो तेव्हा रक्त दिसते, बोभाटा होतो. आमची चूक दिसत नाही. चुकीच्या जागी तीन आठवडे व्यायाम दिला तरी रुग्ण म्हणतो, "गुण येईना, माझ्याच नशिबात नाही." आणि निघून जातो.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली गोष्ट सांगते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात एक आजी आल्या. पडून खांदा निखळला होता, गावातल्या जाणत्याने तो बसवून दिला होता. हात वर जात नव्हता. मी 'खांदा आखडला' असे ठरवून दीड महिना ताणाचे व्यायाम दिले. आजी बिचाऱ्या कण्हत करायच्या. एक दिवस पदर सरकला तेव्हा दिसले, की खांद्याची गोलाई एका बाजूने पार बसली आहे. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत स्पर्श कळत नव्हता. सांधा निखळताना त्याच्याखालून वळसा घेणारी नस ताणली गेली होती. ती नस मी विच्छेदनगृहात पाहिली होती, परीक्षेत तिच्यावर उत्तर लिहिले होते. तरी पहिल्या वर्षाचे शिक्षण चौथ्या वर्षापर्यंत विसरले होते. तेव्हा दोष केवळ सोयींचा नाही. आमच्या अभ्यासक्रमात शरीररचना पहिल्या वर्षी येते, परीक्षा झाली की पुस्तक धाकट्यांना दिले जाते. रुग्ण हाताशी येतात ते नंतर. माझे स्पष्ट मत आहे, की शेवटच्या वर्षी, वॉर्डात जायला लागल्यावर, मुलांना पुन्हा काही दिवस विच्छेदनगृहात न्यावे. खांद्याचे रुग्ण पाहिल्यावर पाहिलेला खांदा वेगळा दिसतो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर दुखण्यांची इथे कमी नाही. दसरा-दिवाळीला कोयते बाहेर पडतात, चार-सहा महिन्यांनी परततात. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारी मान, दिवसभर वाकलेली कंबर, कोयत्याच्या एकसारख्या घावाने धरलेले कोपर. बायकांचे तर आणखी. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने जिल्ह्यातील 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली असल्याचे उघड झाले. त्या प्रश्नाच्या मुळाशी दारिद्र्य आहे, मुकादमाचा खाडा आहे, बरेच काही आहे. तो या सदराचा विषय नव्हे. पण माझ्याकडे ज्या येतात त्यांतल्या अनेकजणी सांगतात, "कंबर दुखत होती म्हणून पिशवी काढली, तरी कंबर दुखतीच हाय." ती कंबर स्नायूंची असते, मणक्याची असते, कधी ओटीपोटाला खालून तोलून धरणाऱ्या स्नायूंच्या सैलपणाची असते. हे खालचे स्नायू कोणत्याही प्लॅस्टिकच्या नमुन्यात नीट कळत नाहीत, इतकी त्यांची मांडणी गुंतागुंतीची आहे. फिजिओथेरपी शिकणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी आहे. या बायकांशी मोकळेपणी बोलू शकतील अशा याच मुली आहेत. त्यांना ते स्नायू एकदा तरी डोळ्यांनी पाहायला मिळावेत, ही अपेक्षा फार आहे का?

आपल्याकडे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1970 च्या दशकापासून आहे. ग्रामीण भागासाठीचे आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. गावही असे, की देहाचा विचार तिथे नवा नाही. दासोपंतांनी पंचीकरण, म्हणजे पाच तत्त्वांतून हा देह कसा घडला याचे विवेचन, कापडाच्या पासोडीवर लिहिले, ते याच गावी. फिजिओथेरपी शिकायला आपली मुले लातूर, लोणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी जातात. खासगी महाविद्यालयांपैकी ज्यांना स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे त्यांच्या मुलांना अडचण येत नाही. ज्यांना नाही, त्यांनी जवळच्या शासकीय महाविद्यालयाशी करार करून, दहा-दहा मुलांच्या तुकड्या करून, चांगल्या तयार केलेल्या विच्छेदनांवर शिकवावे. करार कागदावर आणि वर्षातून एक सहल, असे नको. साठ मुले एका टेबलाभोवती उभी केली, तर मागच्या चाळीस जणांना पुढच्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. प्रवेशाच्या जागा मंजूर करताना इमारतीचे चौरस फूट मोजतात, तसे टेबलाजवळ किती मुले उभी राहतात तेही मोजावे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 चा केंद्रीय कायदा झाला आहे, फिजिओथेरपी त्यात आहे. नवे नियम करणाऱ्यांनी हा एक आकडा ध्यानात घ्यावा.

आता मुद्दा उरतो देहांचा. ते कारखान्यात तयार होत नाहीत. 1949 च्या कायद्यानुसार बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देता येतात, आणि वर्षानुवर्षे मुलांचे शिक्षण अशाच, ज्यांना जिवंतपणी कोणी विचारले नाही अशा माणसांवर झाले. मला हे बोचत आले आहे. ज्यांच्याकडे सर्व काही आहे त्यांनीही पुढे यायला हवे. आपल्या मराठवाड्यातील, हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख 2010 मध्ये चित्रकूटला वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. त्याच वर्षी बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचाही देह कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला गेला. दोघांच्या विचारांत दोन टोकांचे अंतर. या एका बाबतीत दोघे एकाच टेबलावर आले.

लोक विचारतात, "अस्थी मिळणार नाहीत, मग दहावा कशाचा?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या माहितीतील एका घराने फोटोसमोर दहावा-तेरावा केला, गावजेवणाऐवजी शाळेला पुस्तके दिली. भावकीतले चार लोक आठ दिवस बोलले नाहीत, पुढे बोलू लागले. अनेक महाविद्यालयांत पहिल्या तासाला मुले त्या देहासमोर उभी राहून, त्याचा मान राखू अशी शपथ घेतात. तिथे थट्टा-मस्करी चालते असे जे सांगितले जाते, ते माझ्या पाहण्यात नाही.

ज्यांना देहदानाचा विचार करायचा आहे त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरावा. त्यावर जवळच्या वारसांच्या सह्या घ्याव्यात. कारण अर्ज भरला तरी अखेर देह नेऊन देणार ते वारसच, आणि त्यांनी नको म्हटले की सारे थांबते. म्हणून घरात आधी बोला, मुलींशी आणि जावयांशीही बोला. नेत्रदान केले असेल तरी देहदान करता येते. अपघात, विषबाधा, आत्महत्या, म्हणजे ज्यात पोलीस पंचनामा व शवचिकित्सा होते, असा देह घेत नाहीत. काही संसर्गजन्य रोग असतील तरीही घेत नाहीत. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला सोबत लागतो आणि देह शक्य तितक्या लवकर पोचवावा लागतो. उन्हाळ्यात तर बर्फाची सोय करूनच निघावे. विभागाचा फोन क्रमांक आणि अर्जाची प्रत कपाटात कुलूपबंद ठेवू नका, दाराशेजारच्या कॅलेंडरमागे ठेवा.